मोटारीतील सुवाह्य जीपीएस मार्गदर्शक

उपग्रहांच्या संदेशांवरून मोटारीचे स्थान काढणारे, ते स्वतःजवळच्या नकाशावर दाखवणारे आणि इच्छित ठिकाणापर्यंतचा रस्ता चित्र व आवाजी सूचनांनी सांगणारे लहान उपकरण. त्यात संदेशग्राही, नकाशा साठवणारी स्मृती, स्पर्शपडदा, ध्वनिक्षेपक आणि लिथियम-आयन बॅटरी असते. ते पुढच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर रबरी सक्शन कपाने बसवतात आणि एका मोटारीतून काढून दुसरीत लावता येते. डॅशबोर्डमध्ये पक्के बसवलेले मार्गदर्शक आणि मोबाइल फोनवरील नकाशे हे त्याचे दोन पर्याय होत.

पार्श्वभूमी : जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली यंत्रणा आहे. नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी मे 2000मध्ये काढून टाकल्यावर स्थानातील चूक सुमारे 100 मी.वरून दहा-वीस मीटरच्या आत आली. त्यामुळे गाडी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे सांगणे शक्य झाले. नेदरलँड्सच्या टॉमटॉमची ‘गो’ (2004) आणि गार्मिनची ‘नूव्ही’ (2005) या मालिकांनी हे उपकरण घरोघरी नेले. भारतात गार्मिनबरोबर मॅपमायइंडिया आणि हैदराबादच्या सॅटनॅव्हचे ‘सॅटगाइड’ बाजारात होते. 2009मध्ये गूगलने फोनवर फुकट मार्गदर्शन सुरू केले, तेव्हापासून स्वतंत्र उपकरणांची मागणी जगभर घटली. मोबाइलचे नेटवर्क नसलेल्या भागात फिरणारे आणि फोन मोकळा ठेवू पाहणारे चालक ते अजूनही वापरतात.

कार्य : जीपीएसचे तीसच्या आसपास उपग्रह सुमारे 20,200 किमी. उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक उपग्रह आण्विक घड्याळानुसार वेळ आणि स्वतःचे स्थान प्रक्षेपित करतो. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून उपकरण अंतर काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी सोडवायच्या असल्याने किमान चार उपग्रह दिसावे लागतात. उपकरण फक्त संदेश घेते, पाठवत काही नाही. म्हणून त्याला इंटरनेट किंवा सिमकार्ड लागत नाही. मिळालेले स्थान जवळच्या रस्त्यावर बसवणे आणि रस्त्यांच्या जाळ्यातून सर्वांत जवळचा किंवा कमी वेळाचा मार्ग शोधणे ही पुढची कामे मात्र पूर्णपणे साठवलेल्या नकाशावर अवलंबून असतात.

सोलापूर परिसरातील वापर : सोलापूरभोवतीचा काळ्या मातीचा सपाट, विरळ झाडीचा प्रदेश उपग्रहसंदेशांना अनुकूल आहे. मोकळ्या आकाशाखाली स्थान साधारण 5 मी.पर्यंत अचूक मिळते. घाटातील कडे, बोगदे आणि उंच इमारती यांनी संदेश अडण्याची वा परावर्तित होण्याची अडचण येथे क्वचित येते. येथील अडचणी बहुतेक नकाशाच्या आहेत.

पुणे–मछलीपट्टण (क्र. 65), संगरूर–अंकोला (क्र. 52) आणि रत्नागिरी–सोलापूर (क्र. 166) हे राष्ट्रीय महामार्ग येथे भेटतात. 2010मधील फेरक्रमांकनापूर्वी पुणे–हैदराबाद रस्ता क्र. 9, तर विजापूरचा क्र. 13 होता. जुन्या नकाशात हेच क्रमांक आढळतात. गावांच्या नावांचेही तसेच आहे. कर्नाटकातील विजापूर व गुलबर्गा यांची अधिकृत नावे 2014मध्ये विजयपुरा व कलबुर्गी झाली, तर उस्मानाबादचे धाराशिव 2023मध्ये झाले. नवे नाव टाकून गाव सापडले नाही, तर जुने टाकून पाहावे लागते. वडगाव, सांगवी, पिंपरी ही नावे अनेक तालुक्यांत आहेत. बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावेही पुष्कळ आहेत. उत्तर सोलापूर तालुक्यातील वडाळा शोधताना मुंबईचे वडाळा निवडले जाऊ शकते. म्हणून गावाबरोबर तालुका व जिल्हा पडताळणे आवश्यक ठरते. शहरात पत्ते घरक्रमांकापेक्षा पेठ, चौक आणि नाका यांवरून सांगितले जातात. त्यामुळे सात रस्ता, आसरा चौक, जुना पुणे नाका यांसारख्या खुणा नकाशात किती आहेत, हे रस्त्यांच्या नावांपेक्षा महत्त्वाचे असते.

चौपदरी महामार्गावर मुख्य रस्ता आणि सेवारस्ता यांतील अंतर स्थानातील चुकीएवढेच असल्याने गाडी कोणत्या रस्त्यावर आहे याबाबत उपकरणाची गफलत होते. उड्डाणपुलावर आणि पुलाखालीही हेच घडते. अशा वेळी दिशाफलकच प्रमाण मानावा.

निवड : खरेदीपूर्वी पहिली तपासणी नकाशाची करावी. तो कोणत्या वर्षाचा आहे, त्याचे नूतनीकरण मोफत आहे का आणि निर्माता ते अजून पुरवतो का, हे पाहावे. परदेशातून आणलेल्या उपकरणात भारताचा नकाशा बहुधा नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. नेहमीच्या प्रवासातील चार-पाच गावे, एखादे आडवाटेचे खेडे आणि अलीकडे झालेला एखादा वळणरस्ता दुकानातच शोधून पाहणे ही चांगली चाचणी होय.

पडदा 5 ते 7 इंचांचा पुरतो. मोठ्या पडद्याने समोरचा रस्ता झाकला जाऊ नये आणि भर उन्हात तो वाचता यावा. आवाजी सूचनांची भाषा, ध्वनीची पातळी आणि मेमरी कार्डाची सोय तपासावी. मोटारीत 12, तर ट्रकमध्ये साधारणतः 24 व्होल्टचा पुरवठा असल्याने चार्जर त्या दाबाला चालणारा हवा.

जुने उपकरण घेताना तारीख पाहावी. जीपीएसच्या संदेशातील आठवड्यांची गणना 1,024 आठवड्यांनी शून्यावर येते. एप्रिल 2019मध्ये ती शून्यावर आल्यापासून अद्ययावत न केलेली काही उपकरणे चुकीची तारीख दाखवतात. भारताची ‘नाविक’ यंत्रणा मोटारीतील जुन्या उपकरणांना वापरता येत नाही. तिच्या आरंभीच्या उपग्रहांचे नागरी संदेश एल-5 व एस पट्ट्यांत आहेत. सर्वसामान्य ग्राहींच्या एल-1 पट्ट्यातील संदेश मे 2023मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01पासून सुरू झाले.

वापर : बरेच दिवस बंद राहिलेल्या उपकरणाला उपग्रहांची माहिती नव्याने घेण्यास काही मिनिटे लागतात. ती मिळेपर्यंत गाडी मोकळ्या जागी उभी ठेवावी. ठिकाण निघण्यापूर्वी भरावे आणि संपूर्ण मार्ग एकदा पडद्यावर पाहावा. ‘सर्वांत जवळचा’ पर्याय बैलगाडीच्या कच्च्या वाटेनेही नेऊ शकतो, म्हणून ‘कमी वेळाचा’ निवडून कच्चे रस्ते वगळावेत.

शेत किंवा वस्तीसाठी अक्षांश-रेखांश भरताना मापनपद्धती पाहावी. सोलापूर सुमारे 17° 40′ उत्तर, 75° 54′ पूर्व येथे आहे. दशांश पद्धतीत ते 17.67, 75.90 होते. मिनिटांचे आकडे तसेच दशांश समजून 17.40, 75.54 भरले, तर बिंदू सुमारे 48 किमी. नैर्ऋत्येला सरकतो.

मर्यादा : साठवलेल्या नकाशाला त्या दिवशीची स्थिती कळत नाही. आषाढी वारीत पंढरपूरकडील वाहतूक पोलीस वळवतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळी शहरातही तसे बदल होतात. पावसाळ्यात भीमा आणि सीना यांवरील कमी उंचीचे पूल व बंधाऱ्यांवरील वाटा पाण्याखाली जातात. ऑक्टोबर 2020च्या पुरात दोन्ही नद्यांकाठचे अनेक रस्ते बंद झाले होते. उपकरण अशा वाटा खुल्याच दाखवते. पाण्याखालील पुलावर गाडी घालू नये आणि स्थानिकांना विचारून वाट ठरवावी.

निगा : सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40° से.च्या वर जातो. बंद मोटारीत काचेमागील तापमान 60° से.च्याही पुढे जाऊ शकते. त्यात लिथियम-आयन बॅटरी फुगते, तिची क्षमता घटते आणि सक्शन कप सुटतो. गाडी उभी करताना उपकरण काढून घेतल्यास उष्णता व चोरी दोन्हींपासून बचाव होतो.

सुरक्षितता व कायदा : उपकरण चालकाच्या दृष्टीला अडथळा करणार नाही आणि एअरबॅगच्या मार्गात राहणार नाही असे बसवावे. ऑक्टोबर 2020पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार हाती धरण्याचे संपर्कसाधन गाडी चालवताना केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने वापरता येते. स्वतंत्र मार्गदर्शकासाठीही हीच शिस्त योग्य होय : ठिकाण बदलायचे असल्यास गाडी बाजूला थांबवावी किंवा ते काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे.