शिबिराच्या यादीत वयाचा रकाना कुठं आहे?

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांची पोरं-पोरी अकरावी-बारावीत किंवा बीए-बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

मागच्या हिवाळ्यात आपल्या तालुक्यातल्या एका गावात कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर लागलं होतं. उद्घाटनाची बातमी करायला गेलो. समाजमंदिराच्या भिंतीवर पोरांची यादी चिकटवलेली होती. नाव, वर्ग, रक्तगट, मोबाईल नंबर. सहज विचारलं, "सर, यातले अठराच्या आतले किती?"

सर भला माणूस. हसून म्हणाले, "भाऊ, इथं आले म्हणजे सगळे कॉलेजचेच. लहान कोण आहे आता?"

तिथूनच हा विषय डोक्यात बसला. कायद्यानं अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक. आणि आपल्याकडे दहावी झालं की पोरगं एकदम 'विद्यार्थी' होतं. हा गोंधळ आजचा नाही, त्याला इतिहास आहे.

शिबिरं आपल्या वऱ्हाडाला नवी नाहीत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथली माणसं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. पोरगं घराबाहेर राहून घडावं, ही हौस आपल्या मातीतच आहे.

सरकारी पातळीवर हा विचार स्वातंत्र्यानंतर आला. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. विद्यार्थ्यांनी काही महिने देशासाठी द्यावेत, अशी कल्पना होती. सक्ती काही झाली नाही. पण गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी एवढ्यावर. आपण तिला एनएसएस म्हणतो. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर.

तेव्हा आपला भाग नागपूर विद्यापीठाखाली होता. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं आणि २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. बाबांचं शेंडगाव इथून जवळच, अंजनगाव तालुक्यातलं. हाती झाडू घेऊन गावात उतरायचं, हे बाबांचंच काम. त्यामुळे एनएसएस आपल्याकडे मनापासून रुजली. मी स्वतः शिबिरात नाल्या उपसल्या आहेत, आणि त्या सात दिवसांनी मला जे दिलं ते वर्गानं दिलं नाही. म्हणून ही पोस्ट शिबिरांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो.

गोंधळ झाला तो असा. १०+२+३ आलं आणि महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग कितीतरी ठिकाणी सीनियर कॉलेजच्याच इमारतीत बसले. एकच गेट, एकच मैदान, बऱ्याच ठिकाणी एकच संस्था. त्यात सोळा वर्षांची पोरगी आणि तेवीस वर्षांचा एमएचा पोरगा. पहिल्या वर्षाला तर सतरा वर्षांची मुलं सर्रास असतात, म्हणजे विद्यापीठाचे पक्के विद्यार्थी, पण कायद्यानं बालक. कनिष्ठ महाविद्यालयांतही एनएसएसची पथकं आहेत.

आपले कॅम्पसचे नियम मात्र सगळ्यांना एकाच मापानं मोजत आले. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे, लैंगिक छळाच्या तक्रार समितीचे नियम २०१६ ला अधिसूचित झाले. चांगलेच आहेत. पण त्यात माणूस 'विद्यार्थी' म्हणून येतो. तो बालक आहे का, हा प्रश्न वेगळ्या कायद्यात गेला. तो म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू.

पोक्सोचं कलम १९ सरळ आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होऊ शकेल असं ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना सांगायचंच. न सांगणं हाही गुन्हा. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला, तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीची अशी तक्रार आली, तर "समिती बसवू, आपसात मिटवू" हा मार्गच शिल्लक राहत नाही. समिती बसवा, पण पोलीस आधी.

आता माझी चूक सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका बापाचा फोन आला होता. पोरगी शिबिरातून तिसऱ्याच दिवशी घरी आली. कॉलेजमधून कधीचा पास होऊन गेलेला एक जण 'मदतीला' म्हणून तिथं मुक्कामी होता. तो रात्री पोरींच्या खोलीकडे यायचा, अंगाला हात लावायचा. बाप म्हणाला, "भाऊ, नाव नोका येऊ देऊ. पण कोनी तरी इचाराले पायजे." मी एकदा विचारलं. "समिती बसवली, समाधान झालं," असं उत्तर आलं. मी डायरी मिटली. पुढच्याच आठवड्यात त्याच शिबिराच्या समारोपाची दोन कॉलम बातमी माझ्याच हातानं गेली. कलम १९ मलाही लागू होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

बाहेरच्या जगात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. अमेरिकेत पेन स्टेट नावाचं विद्यापीठ आहे, फुटबॉलसाठी नावाजलेलं. तिथला जेरी सँडस्की हा प्रशिक्षक गरीब मुलांसाठी संस्था चालवायचा. १९९९ मध्ये निवृत्त झाला, तरी विद्यापीठाच्या इमारतीत त्याचं येणं-जाणं सुरूच राहिलं. २००१ मध्ये एकानं त्याला तिथल्या स्नानगृहात लहान मुलासोबत पाहिलं आणि वर सांगितलं. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना सांगितलं. पोलिसांना कोणी सांगितलं नाही. प्रकरण फुटलं २०११ मध्ये. पुढच्या वर्षी तो ४५ आरोपांत दोषी ठरला, आणि नंतर विद्यापीठाच्या माजी अध्यक्षालाही मुलांना धोक्यात ठेवल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. त्यानंतर तिकडच्या विद्यापीठांनी अल्पवयीनांसाठी वेगळे नियम कडक केले. मुलाजवळ कुणीही मोठा माणूस एकटा राहणार नाही, येणाऱ्या प्रत्येकाची आधी चौकशी होईल, कळलं की लगेच कळवायचं.

वाचताना मला तो 'मदतीला' आलेला माजी विद्यार्थी आठवला. तिकडे काय, इकडे काय, माणूस ओळखीचा असला की त्याला कोणी अडवत नाही.

आपल्या देशातलंही ताजं उदाहरण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तामिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यातल्या एका खाजगी शाळेत 'एनसीसी'चं शिबिर झालं. तिथं अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. नंतर कळलं की त्या शाळेत एनसीसीचं अधिकृत पथकच नव्हतं. गणवेश पाहून सगळ्यांनी विश्वास ठेवला.

पण यातली चांगली गोष्ट महाराष्ट्राचीच आहे, आणि तीही उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थेतून निघालेली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांना रस्त्यावरची मुलं अडचणीत सापडली की रात्री-अपरात्री फोन करायची. त्यातून १९९६ मध्ये संस्थेचा प्रकल्प म्हणून १०९८ हा मुलांचा मोफत नंबर सुरू झाला. मुंबईतून तो देशभर गेला.

आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, बदलापूरचे लोक रेल्वे रुळावर उतरले त्याच आठवड्यात, आपल्याच जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या काजीखेडच्या जिल्हा परिषद शाळेतला प्रकार बाहेर आला. आठवीतल्या सहा मुलींच्या छळाच्या आरोपावरून शिक्षकाला अटक झाली. प्रकरण उघड झालं ते मुलांच्या टोल फ्री नंबरवर गेलेल्या तक्रारीमुळे. एका खेड्यातल्या पोरींना जे जमलं, ते मला पत्रकार असून जमलं नव्हतं.

आता पुन्हा शिबिरांचा हंगाम येईल. पोराला पाठवा, जरूर पाठवा. फक्त आधी कॉलेजात जाऊन एवढं विचारा:

१. यादीत जन्मतारीख आहे का? अठराच्या आतले किती, हे सरांना माहीत आहे का?
२. रात्री मुलींसोबत महिला प्राध्यापक मुक्कामी आहेत का? नाव काय?
३. कॉलेजबाहेरचं कोण कोण राहणार? माजी विद्यार्थी, ट्रेनर, स्वयंपाकी, ड्रायव्हर, सगळे. त्यांची यादी कोणाकडे?
४. १०९८ आणि ११२ हे नंबर शिबिराच्या भिंतीवर लावणार का?
५. तक्रार आली तर पोलिसांना कोण कळवणार?

विचारताना भांडू नका. सरही आपलेच आहेत. शंभर पोरांचा भार बहुतेक वेळा एकाच माणसावर असतो, तोही बिनबोभाट. विचारणारे पालक असले तर त्यांनाही संस्थेकडे एक जास्तीची मॅडम मागता येईल.

या वर्षीपासून मी शिबिराच्या बातमीला गेलो की पाहुण्यांची नावं लिहायच्या आधी पहिला प्रश्न विचारणार. उत्तर मिळालं तर तेही बातमीत येईल, नाही मिळालं तर तेही येईल.

आणि त्या बापाला, तो हे वाचत असेल तर: भाऊ, तुमी बरोबर होते. मीच कमी पडलो.