वांगावर औषध हवे, रंगावर कशाला?

जुन्नर-आंबेगावच्या कांदा-टोमॅटोच्या शेतात दिवसभर उन्हात राबणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या गालांवर वांगाचे डाग पडतात. औषध मागितले की दुकानदार गोरेपणाची क्रीम पुढे करतो. आजार आणि रंग यांची ही गल्लत आली कुठून?

1975 साली 'फेअर अँड लव्हली' भारतीय बाजारात आली. तिने सावळ्या रंगालाच उणीव ठरवले. त्याच वर्षी अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचे मिश्रण मांडले. हे खरे औषध, पण डॉक्टरांच्या देखरेखीत ठरावीक आठवडेच लावायचे. आपल्याकडे असली मिश्रणे चिठ्ठीविना वर्षानुवर्षे चेहऱ्याला फासली गेली; कातडी पातळ आणि लाल झाली. अखेर 2018 मध्ये सरकारला स्टेरॉइडच्या मलमांवरील नियम कडक करावे लागले. तिसरी जात पाऱ्याच्या क्रीमची. ती थेट मूत्रपिंडावर घाला घालते. अकोल्यातल्या एका कुटुंबाने ते भोगले.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते डॉक्टरांसोबत अशा क्रीमविरुद्ध लढले आणि 1990 मध्ये तिथे कडक बंदी आली. आपल्याकडे तर बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांची मोजमापे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखवले होते. तरीही लग्नाच्या बायोडाट्यात आपण 'रंग गोरा' लिहितो!

मित्रांनो, वांग असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे चला, चेहरा उन्हापासून झाका. रंगावर मात्र औषध नाही, कारण तो आजारच नाही.

जय भीम!