तुळजा आणि तुकाई

तुळजापूरच्या देवीला नावं दोन. पाटीवर तुळजाभवानी, भक्तांच्या तोंडी तुकाईसुद्धा. दोन्ही नावांची कुळी सांगणाऱ्या गोष्टी वेगळ्या, पण दोन्हींत पेच एकच: समोरच्या बाईकडे पुरुषानं कोणत्या नजरेनं पाहिलं?

'तुळजा'चं मूळ माहात्म्यकथा 'त्वरिता'त शोधतात. त्वरिता, तुरजा, तुळजा. व्याकरणवाला आठ्या घालील. 'र'चा 'ळ' झाला हे चालेल, पण 'ता'च्या जागी 'जा' आला कुठून? गोष्टीला त्याची फिकीर नाही. कर्दम ऋषी वारले, तशी त्यांची पत्नी अनुभूती सती जायला निघाली. पदरात लहान मूल, म्हणून तिला थांबवलं गेलं. मूल आश्रमात ठेवून ती मंदाकिनीकाठी तपाला बसली. तिथं कुकुर दैत्य तिच्यावर भाळला. त्यानं अंगाला हात लावताच समाधी मोडली. तिनं देवीचा धावा केला आणि देवी त्वरित आली.

महाभारतात दमयंतीवर डोळा ठेवणारा व्याध तिच्या शापानंच मरतो. ते बळ पातिव्रत्याचं, म्हणजे त्याला नवरा लागतो. अनुभूतीचा नवरा गेलेला. ती शाप देत बसत नाही, दुसऱ्या बाईला हाक मारते. मला या कथेतली सगळ्यात धीट जागा हीच वाटते. पुढं कुकुर रेड्याचं रूप घेतो आणि देवी त्याला मारते. मूर्ती महिषासुरमर्दिनीची, तिच्याशी जुळावं म्हणून दैत्याला रेडा व्हावं लागलं असणार! त्याच मूर्तीत डावीकडं, डोकं खाली करून तप करणारी एक लहानशी स्त्री आहे. पुजारी तिला अनुभूती म्हणतात.

'तुकाई'ची गोष्ट तुळजापूरच्याच घाटशिळेची. सीतेला शोधत राम इथवर आला. त्याची परीक्षा पाहायला पार्वतीनं सीतेचं रूप घेतलं. विरहानं व्याकुळ माणूस बायको दिसताच धावेल, हा तिचा अंदाज. राम मात्र विचारतो, "तू का आई?" झाली तुकाई. व्युत्पत्ती म्हणून ही निव्वळ शब्दांची कोटी, पण काय नेमकी! तुळसीदासांच्या 'रामचरितमानसा'त हेच सोंग सतीला भोवतं: तिनं सीतेचं रूप घेतलं म्हणून शंकर तिला पत्नी मानणंच सोडून देतो. इथं बालाघाटात पार्वतीला कुणी टाकत नाही. शिळेवर उभी राहून ती रामाला वाट दाखवते आणि रामवरदायिनी होते.

पुढं ही बायकांची नावं पुरुषांनीही मिरवली. 1728 ते 1736 या काळात तंजावरच्या गादीवर असलेला भोसले राजा इतिहासात पहिला तुळजा म्हणून ओळखला जातो. त्याचंच दुसरं नाव तुकोजी.