मिठाचा भाव, समुद्राचं मोल

जरीपटक्यात बसून समुद्राविषयी बोलायचं म्हणजे जरा गंमतच. नागपूरच्या या वस्तीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं स्थिरावली. कराचीचं बंदर मागे राहिलं आणि वाट्याला आला विदर्भाचा उन्हाळा! तरीही समुद्र रोज आमच्या स्वयंपाकघरात येतो, मिठाच्या पुडीतून.

मीठ म्हटलं की मला शिवाजी महाराजांचं १६७१ चं पत्र आठवतं. कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना ते लिहिलेलं. पोर्तुगीजांच्या बारदेशात मीठ स्वस्त. व्यापारी तिकडे वळले, तर स्वराज्यातली मिठागरं बसणार आणि जकातही बुडणार. म्हणून महाराजांनी भावांचा हिशेब मांडायला लावला. बारदेशचं मीठ काय भावानं पडतं, संगमेश्वराकडचं काय भावानं विकतं, ते पाहून बारदेशी मिठावर जबर जकात बसवा, की ते महागच पडावं. समुद्राच्या एका उद्योगाचं मोल इतक्या नेमकेपणानं जोखणारं दुसरं मराठी पत्र मला तरी ठाऊक नाही. त्यात नुसतं मीठ नाही. आगरात राबणारा माणूस, घाट चढणारा बैल आणि सरकारी खजिना एका दोरीत ओवलेले दिसतात.

आजचे हिशेब फार मोठे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार, २०१० साली सागरी उद्योगांनी जगाच्या अर्थव्यवस्थेत सुमारे दीड लाख कोटी डॉलरची भर घातली. तेल, जहाजं, बंदरं, पर्यटन सगळं त्यात आलं. छोट्या होड्यांची पारंपरिक मासेमारी मात्र धरलेली नव्हती. त्यांच्या नोंदी मिळणं अवघड, हे मान्य. पण मग आपल्या किनाऱ्यावर बोंबील वाळवणारी कोळीण त्या आकड्यात कुठे शोधायची?

पट्टी बदलली की आकडा बदलतो. शाळेत आपण भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर असं पाठ केलं. बारीक वळणं धरून पुन्हा मोजणी झाली, तेव्हा केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या अहवालात तोच ११,०९८ झाला.

आणि पुन्हा मीठच. २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड भागातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी वापरायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. गरिबाला घर हवंच. जमिनीचा भावही काढता येतो. पण भरतीचं आणि पावसाचं पाणी ही आगरं इतकी वर्षं पोटात घेत आली, ते काम कुठल्या रकान्यात मांडायचं?