फौज परकी कधी ठरते? हैदराबाद संस्थान, १९३८ ते १९५२ (थ्रेड)

१/ सप्टेंबर १९४८. पॅरिसमध्ये निजाम सरकारचे शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे भारतीय फौजेला आक्रमक ठरवत होते. त्याच आठवड्यात सोलापूरहून नळदुर्गमार्गे आत शिरलेल्या याच फौजेचे मराठवाड्यात स्वागत होत होते. सरकारला परकी वाटणारी फौज त्याच सरकारच्या प्रजेला आपली का वाटली?

२/ हे मतपरिवर्तन सैन्याने घडवले नाही. सैन्य आले तेव्हा ते दहा वर्षे जुने झाले होते. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी. कचेरी, न्यायालय आणि उस्मानिया विद्यापीठ मात्र उर्दूत. ‘गश्ती निशाण ५३’मुळे सभेसाठीही आधी परवानगी लागे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानियातून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. विष्णुपुरीचे आमचे विद्यापीठ त्यांच्याच नावाचे, स्थापनादिनही १७ सप्टेंबर (१९९४).

३/ तरीही १९४६ पर्यंत सामान्य शेतकरी बराचसा कुंपणावरच होता, असे माझे मत आहे. त्याला कुंपणावरून खाली उतरवले ते रझाकारांनी. त्यांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील (होय, आपल्याच लातूरचा). खंडणी आणि जाळपोळ दाराशी आल्यावर तटस्थ राहण्याची सोयच उरली नाही. मग सरहद्दीवरील उमरखेड, बार्शी येथील कॅम्पांना गावांतून आसरा मिळू लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली गेली, ती याच वातावरणात.

४/ ‘हिंदू प्रजा विरुद्ध मुस्लिम राजा’ ही मांडणी सोपी आहे, पण अपुरी आहे. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. दलित नेतृत्वाचा एक गट निजामाच्या बाजूला होता, म्हणून तर नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांना संस्थानातील दलितांनी निजामाची साथ करू नये असे जाहीर आवाहन करावे लागले.

५/ आता अवघड भाग. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतरच्या दिवसांत मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदरमध्ये विभागलेला होता. काही ठिकाणी सैनिकांचाही लुटीत आणि हत्यांत सहभाग होता, असे समितीने नोंदवले. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. अहवाल अनेक दशके दडून राहिला. एका आळीला जी मुक्ती वाटली, तीच शेजारच्या आळीला मृत्यू वाटली, आणि दोघांनी पाहिलेली फौज एकच होती.

६/ मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांच्या प्रशासनाने जहागिरी रद्द केल्या, हे कुळांच्या दृष्टीने फार मोठे पाऊल होते. मात्र तेलंगणात हेच सैन्य कम्युनिस्टांच्या मागे लागले आणि तो संघर्ष १९५१ पर्यंत चालला. तिथल्या जनमताचा निकाल १९५२ च्या मतपेटीत दिसतो. नळगोंड्यातून कम्युनिस्ट नेते रावी नारायण रेड्डी लोकसभेवर गेले, तेही पंडित नेहरूंपेक्षा जास्त मते घेऊन!

७/ त्याच वर्षी सप्टेंबरात वरंगळ आणि हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, कारण संस्थानाबाहेरून आलेले अधिकारी आणि नोकरदार. त्यांची मागणी होती मुल्की लोकांना नोकऱ्या मिळाव्यात. हैदराबादेत गोळीबार होऊन माणसे मेली. चार वर्षांपूर्वी निजाम गेला होता. आता ‘बाहेरचे’ हा शब्द नव्या राज्यकर्त्यांच्या माणसांना लागू लागला.

८/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासनाने व्याप्त जर्मनीत जनमताची नियमित सर्वेक्षणे केली. आपल्याकडे त्याऐवजी आठवणी आहेत, आणि छापून आलेल्या बहुतेक आठवणी स्वातंत्र्यसैनिकांच्या आहेत. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. तुमच्या गावात, दोन्ही आळ्यांत, कुणी असतील तर या सुट्टीत जाऊन बसा आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा.