मर्यादेचा इतिहास : लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डातील फर्मवेअर बदलणे धोक्याचे का?

#थ्रेड

१/ १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या आदल्याच महिन्यात तैवानमध्ये एका नव्या संगणक विषाणूचा शोध लागला होता. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु त्या विषाणूने दिलेला धडा आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा आहे, आणि शहादा-तळोद्यातील लॅपटॉपधारक विद्यार्थ्याला तो आजही तितकाच लागू पडतो.

२/ अधिक वेगाच्या आशेने अनेक तरुण लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डात दुसऱ्याने बदललेले फर्मवेअर भरतात. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच वस्तीला असलेली आज्ञावली. किती वीज घ्यायची, किती तापायचे, पंखा केव्हा फिरवायचा, पडदा कोणत्या वाटेने उजळायचा, हे सारे ती ठरवते. ती पुसून नवी लिहिण्याच्या क्रियेला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. हा शब्द कोठून आला, येथून सुरुवात करू.

३/ १९७१ मध्ये इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोहमन यांनी पुसून पुन्हा लिहिता येणारी ‘ईप्रॉम’ चिप सिद्ध केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची एक लहानशी खिडकी असे. चिप मदरबोर्डवरून उपसून काढायची, त्या खिडकीवर बराच वेळ अतिनील प्रकाश पाडायचा, मगच जुना मजकूर पुसला जाई. काम कटकटीचे होते. पण त्या कटकटीमुळेच चुकून काही पुसले जाण्याची भीती जवळजवळ नव्हती.

४/ १९८४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आयबीएमच्या ‘ईजीए’ या ग्राफिक्स कार्डाने स्वतःचा स्वतंत्र बायोस स्वतःच्या रॉममध्ये आणला. त्याच वर्षी तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी नव्या प्रकारची स्मृती जगापुढे मांडली. तिच्यातील मजकूर विजेच्या साहाय्याने क्षणात पुसला जाई. सहकारी शोजी आरिइझुमी यांना त्यावरून कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला, आणि ‘फ्लॅश’ हे नाव रूढ झाले.

५/ पुढच्या दशकात मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही फ्लॅश चिप वापरू लागली. आता खिडकी नको, दिवा नको; एक आज्ञा दिली की जुने गेले आणि नवे आले. ही सोय मोठीच होती. मात्र जे मालकाला सोपे झाले, ते घुसखोरालाही सोपे झाले.

६/ १९९८ चा तो विषाणू म्हणजे ‘सीआयएच’. चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. २६ एप्रिल १९९९ रोजी तो एकाच वेळी असंख्य संगणकांत जागा झाला. ही चेर्नोबिल दुर्घटनेचीही तारीख असल्याने त्याला तेच नाव पडले. हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग तर तो पुसत असेच, पण काही मदरबोर्डांच्या बायोसवरही निरर्थक मजकूर लिहीत असे. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तान यांना मोठा फटका बसला.

७/ बायोस गेलेला संगणक सुरूच होत नाही. तो सुरू होत नाही म्हणून त्यात काही दुरुस्तीही करता येत नाही. चावी आतच ठेवून घराला कुलूप लागावे, तशी ही अवस्था. इंग्रजीत तिला ‘ब्रिक’ म्हणजे वीट होणे म्हणतात; आपल्याकडचा दुकानदार सरळ ‘बोर्ड डेड आहे’ असे सांगतो. पुढे काही उत्पादकांनी मदरबोर्डवर दोन-दोन बायोस चिप बसवल्या, त्या याच भीतीपोटी.

८/ मग लोक ग्राफिक्स कार्ड फ्लॅश करण्याच्या मागे का लागले? कारण काही वेळा त्याचा खरोखर लाभ झाला. डिसेंबर २०१० मध्ये एएमडीची रेडिऑन एचडी ६९५० आणि ६९७० ही कार्डे आली. दोहोंत मूळ चिप एकच. स्वस्त कार्डात १,४०८ गणनघटक चालू होते, महागड्यात १,५३६. महागड्याचे फर्मवेअर स्वस्तात भरताच अनेकांची बंद घटकांची कवाडे उघडली.

९/ या यशोगाथेतील एक तपशील मात्र बहुतेक जण विसरतात. त्या कार्डांच्या मूळ आवृत्तीवर दोन बायोस आणि त्यांत अदलाबदल करणारे एक बटण होते. प्रयोग फसला तर बटण सरकवावे आणि जुन्या बायोसवर परतावे. शिवाय ते डेस्कटॉपचे कार्ड. जळलेच तर उपटून दुसरे लावता येई. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप सहसा मदरबोर्डलाच डकवलेली असते, आणि असे बटण तेथे नसते.

१०/ आता लॅपटॉपचा स्वतःचा इतिहास पाहू. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की तिच्या काही लॅपटॉप चिपच्या जोडणीतील सामग्री कमकुवत निघाली असून त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. या फेऱ्यांनी तिच्याखालचे डाखाचे सूक्ष्म ठिपके थकत आणि शेवटी तडकत.

११/ डेल आणि एचपी यांनी त्यावर काढलेला पहिला उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी नवे बायोस दिले, आणि त्यांत पंखा अधिक वेळ फिरेल अशी तजवीज केली. धातूतला दोष आज्ञावलीने बरा झाला नाही, पण तापमानाचे चढउतार कमी करून चिपचे आयुष्य लांबवण्याचा प्रयत्न झाला. फर्मवेअरमधील आकड्यांमागे कधीकधी असे तडकलेले बोर्ड उभे असतात.

१२/ म्हणजे मर्यादा दोन प्रकारच्या. एक बाजाराची : महाग माल खपावा म्हणून स्वस्त मालाला घातलेला लगाम. दुसरी उष्णतेची आणि विजेची : बोर्डावरील वीजपुरवठ्याचे भाग, तांब्याच्या नळ्या आणि ॲडॅप्टर यांना झेपेल तेवढीच. फाइल उघडून पाहिली तर दोन्ही केवळ आकडेच दिसतात. कोणता आकडा लोभाचा आणि कोणता काळजीचा, हे बाहेरून ओळखता येत नाही. सारा धोका येथेच आहे.

१३/ एकाच नावाची ग्राफिक्स चिप एका लॅपटॉपमध्ये ८० वॅटवर चालते, दुसऱ्यात १५० वर. दुसऱ्याचे फर्मवेअर पहिल्यात घातले तर नाव तेच राहते, पण पहिल्याची नळी, पंखा आणि ॲडॅप्टर बदलत नाहीत. पडद्याची जोडणी निराळी असेल तर पडदा काळाच राहतो. लिहिणे चालू असताना वीज गेली आणि बॅटरी जुनी असली, तर मजकूर अर्धवट राहतो.

१४/ येथे नंदुरबारचा उन्हाळा आठवावा. चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते. परदेशातील २५ अंशांच्या खोलीत ज्याने ते फर्मवेअर ‘सुरक्षित’ ठरवले, त्याची चिप ८० अंशांवर थांबली असेल. वैशाखात आपल्या पत्र्याच्या छपराखाली ४२ अंश असतील, तर तेच काम ९७ च्या आसपास जाऊ पाहते. त्याचा अनुभव खोटा नसतो. त्याची खोली वेगळी असते.

१५/ उत्पादकांनी कुलपेही घातली. २०१६ च्या पास्कल पिढीपासून एनव्हिडियाची कार्डे अंकीय स्वाक्षरी नसलेले फर्मवेअर स्वीकारेनाशी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये काही तपासण्यांना बगल देणारी साधने प्रसिद्ध झाली. कुलूप घालण्यात कंपनीचा स्वार्थही असतो, हे खरेच. परंतु कुलूप उघडले म्हणून आतली वायर जाड होत नाही.

१६/ बिघाड झाल्यास उपाय आहे, पण तो चिमटा लावून चिपमध्ये मूळ मजकूर परत लिहिण्याचा. स्वस्त प्रोग्रॅमर सहसा ३.३ व्होल्ट देतो. अनेक नव्या लॅपटॉपची चिप १.८ व्होल्टची असते. हा फरक न पाहता चिमटा लावला तर उरलीसुरली चिपही जाते. आणि मूळ मजकुराची प्रत आधी जपून ठेवली नसेल, तर परत लिहायचे तरी काय?

१७/ धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या घरात लॅपटॉप बहुधा एकच असतो. त्यावर एकाचा अभ्यास, दुसऱ्याचे ऑनलाइन अर्ज आणि तिसऱ्याचे दाखले असतात. चिप-लेव्हल रिपेअरिंगसाठी सुरतेची गाडी धरावी लागली, तर भाडे, मजुरी आणि बुडालेले दिवस यांपुढे खेळात वाढलेल्या चार-दोन फ्रेम काहीच नाहीत.

१८/ जिज्ञासा वाईट नाही; तिच्यामुळेच ईप्रॉमची खिडकी जाऊन फ्लॅश आली. प्रयोग करायचाच असेल तर भंगारातले जुने डेस्कटॉप कार्ड घ्यावे, आधी मूळ फर्मवेअरची प्रत काढावी, मग हात घालावा. घरातल्या एकुलत्या लॅपटॉपसाठी मात्र उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेले अपडेट पुरे. जाळ्या साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली, तरी उन्हाळ्यात त्याचा वेग पुष्कळ टिकतो.

(समाप्त)