नागपूरला न पोचलेला सलामीवीर आणि आपली पोरं

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा. पण घरात खेळणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर आजच वाचा.

१ मार्च २००६. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान. भारत विरुद्ध इंग्लंड, पहिली कसोटी. जामठ्याचं स्टेडियम तेव्हा व्हायचं होतं. ही कसोटी बहुतेकांना ॲलिस्टर कुकमुळे आठवते. २१ वर्षांचा हा पोरगा वेस्ट इंडीजहून विमान पकडून आला आणि पदार्पणातच ६० आणि नाबाद १०४ करून गेला. आपल्या वसीम जाफरनेही याच सामन्यात पहिलं कसोटी शतक ठोकलं. सामना अनिर्णित राहिला.

पण कुकला इतक्या घाईने का बोलावलं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कोथिक काही दिवस आधीच बडोद्याहून घरी निघून गेला होता. कारण सांगण्यात आलं, 'कौटुंबिक'. पुढे त्यानेच टीव्हीवर सांगितलं की विषाणूचा त्रास होता. खरं काय होतं? चिंता आणि नैराश्य. घरापासून लांब गेलं की जीव घाबरा व्हायचा, झोप उडायची, रडू यायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲशेस मालिका सुरू व्हायच्या आधीच तो ऑस्ट्रेलियातूनही परतला. २००८ च्या मार्चमध्ये दुबईच्या सराव दौऱ्याला निघालेला हा माणूस लंडनच्या हीथ्रो विमानतळावरूनच माघारी फिरला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटला त्याने रामराम ठोकला. ७६ कसोटी, १४ शतकं, ५,८२५ धावा. शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय अवघं ३०. सगळं खरं त्याने २००८ मध्ये आत्मचरित्रात लिहून टाकलं, आणि क्रिकेटच्या जगात या विषयावर उघडपणे बोलणं खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

आता पुढचं नीट बघा. तोच माणूस, तोच आजार, पण सॉमरसेट या आपल्या कौंटीसाठी तो आणखी ११ वर्षं खेळला. २०१० पासून सहा हंगाम कर्णधार राहिला. २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा वय ४३, नावावर प्रथम श्रेणीच्या २६ हजारांवर धावा आणि ६६ शतकं. हे कसं जमलं? जादू काही नाही. इंग्लंडसाठी खेळायचं तर महिनोन् महिने परदेशी राहायचं. कौंटीसाठी खेळायचं तर बहुतेक रात्री घरी किंवा घराजवळ. २००९ मध्ये सॉमरसेटचा संघ चॅम्पियन्स लीगसाठी भारतात आला तेव्हा त्याने पुन्हा एकदा हिंमत केली, पण स्पर्धा अर्ध्यावर असतानाच त्याला परतावं लागलं. कौंटीने त्यावरून त्याला मोडीत काढलं नाही. पुढच्याच हंगामात कर्णधार केलं.

मला या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. खेळाडू बदलला नाही, आजारही बदलला नाही, फक्त सोय बदलली. एका संघाने त्याला तिशीत गमावलं, दुसऱ्याने त्रेचाळिशीपर्यंत जपलं.

त्या नागपूर कसोटीची आणखी एक गंमत सांगतो. माँटी पनेसरचंही पदार्पण याच सामन्यात झालं आणि त्याचा पहिला बळी होता सचिन तेंडुलकर. या पनेसरलाही पुढे मानसिक त्रासातून जावं लागलं आणि त्याने ते जाहीरपणे सांगितलं. आणि सचिन? मे २०२१ मध्ये त्याने सांगितलं की कारकिर्दीतली १०-१२ वर्षं त्याला ही चिंता छळत होती, सामन्याआधीच्या कित्येक रात्री झोप नव्हती. मग त्याने ते स्वीकारलं. झोप येत नाही तर त्याच्याशी भांडायचं नाही, टीव्ही बघायचा, व्हिडीओ गेम खेळायचा. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, आदल्या दिवशीच बॅग भरून ठेवणं, असल्या बारीकसारीक कामांनी आपण सामन्यासाठी तयार व्हायचो, असं तो म्हणाला. म्हणजे त्या एका मैदानावर एक जण न आलेला, एक बॉल टाकणारा आणि एक बॅटिंग करणारा, अशा तिघांच्या मनातलं गॅलरीतल्या हजारो लोकांना काही दिसत नव्हतं.

सचिनची रात्रीची घालमेल आणि ट्रेस्कोथिकचा आजार एकच, असं मी म्हणत नाही. सामन्याआधी पोटात गोळा येणं सगळ्यांचंच होतं, खेळ सुरू झाला की तो जातो. चिंताविकारात तो जात नाही. झोप, जेवण, प्रवास, माणसांत मिसळणं, सगळ्यावर तो बसून राहतो. पहिल्याला सवय आणि तयारी पुरते. दुसऱ्याला उपचार लागतात आणि संघाची साथ लागते.

साथ कशी द्यायची यावरून भांडणंही झाली. अमेरिकेत २०१२ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या बास्केटबॉल संघाने रॉयस व्हाइट नावाच्या तरुणाला पहिल्या फेरीत निवडलं. त्याला चिंताविकार होता, विमानाची भीती होती. संघ त्याला काही ठिकाणी बसने प्रवास करू द्यायला तयार झाला. पण त्याची मागणी वेगळी होती. मी आज खेळण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे संघाच्या व्यवस्थापनाने नाही तर डॉक्टरने ठरवावं, आणि ते लेखी असावं. यावर एकमत झालं नाही. ह्यूस्टनकडून तो मुख्य हंगामातला एकही सामना खेळला नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या एका संघाकडून तीन सामने, आणि त्या लीगमधली त्याची कारकीर्द संपली. पण त्याचा प्रश्न संपला नाही. २०१९-२० च्या हंगामापासून त्या लीगने प्रत्येक संघाला मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांची व्यवस्था करणं बंधनकारक केलं.

आपल्याकडे काय झालं? २००८ ते २०११ या काळात भारतीय क्रिकेट संघासोबत पॅडी अप्टन हे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते, आणि वानखेडेवर विश्वचषक उचलला गेला तो याच काळात. तरीही २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात १० डावांत १३४ धावा करणारा विराट कोहली नैराश्यातून जात होता, हे आपल्याला कळलं २०२१ मध्ये, त्याने स्वतः सांगितल्यावर. तज्ज्ञ नेमणं एक गोष्ट. 'मला त्रास होतोय' असं त्याच वेळी म्हणता येणं ही दुसरी.

ती दुसरी गोष्ट घडली नवी मुंबईत, ३० ऑक्टोबर २०२५ ला. महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून सामना जिंकून दिला. त्यानंतर भरल्या डोळ्यांनी ती जे बोलली ते मला त्या शतकाइतकंच मोलाचं वाटतं. स्पर्धेच्या सुरुवातीला मला खूप अँग्झायटी होती, आईला फोन करून मी रडायचे, असं तिने सगळ्या जगासमोर सांगितलं. त्याच स्पर्धेत ती दोनदा शून्यावर बाद झाली होती. इंदूरला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला वगळलं होतं. अरुंधती रेड्डीसमोर ती जवळजवळ रोज रडली. राधा यादवने काळजी घेतली. आणि सांगलीची स्मृती मानधना काही वेळा नेट्सजवळ नुसती येऊन उभी राहायची. फार बोलायची नाही. आपलं तिथं असणं जेमिमाला हवंय हे तिला माहीत होतं. मदत मागण्यात काही वावगं नाही, असं जेमिमा म्हणाली. तीनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, भारत विश्वविजेता झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. संघाने तिला वगळलं होतं. संघाचा तोल साधायला तो निर्णय घ्यावा लागला असेल. सोय करणं म्हणजे संघात जागा राखून ठेवणं नव्हे. संघाबाहेर बसवलं तरी माणूस म्हणून एकटं सोडायचं नाही, एवढंच. 'सगळ्यांनाच सवलती दिल्या तर खेळायचं कुणी' असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

आता आपल्या जिल्ह्यावर येतो. मे २०२३ मध्ये आपल्या बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही मिळवलं. १५ बाण, एका गुणाचा फरक. तिरंदाजीत धडधड किती महत्त्वाची असते ते टोकियो ऑलिम्पिकमध्ये जगाने पाहिलं, तिथे तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके टीव्हीच्या पडद्यावर दाखवत होते. प्रथमेशला बघून आज आपली किती तरी पोरं धनुष्य हातात घेत आहेत. कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्सची पोरं वेगळीच. शिवाय पहाटे रस्त्याने धावणारी पोलीस भरतीची पोरं-पोरी तेराही तालुक्यांत दिसतात. त्यांची तर एका दिवसाच्या मैदानावर नोकरी ठरते.

यातल्या एखाद्याचे हातपाय ऐनवेळी गळाले तर आपण काय म्हणतो? 'कच खाल्ली.' 'दम नाही त्याच्यात.' 'नाटकं करते.' आणि पोरगं काय सांगतं? 'पोट दुखत होतं.' 'घरी काम होतं.' म्हणजे २००६ मध्ये इंग्लंडच्या संघाने दिलेलं 'कौटुंबिक कारण' आपल्या गावात अजून जसंच्या तसं चालू आहे.

यासाठी शासनाचा निधी येईपर्यंत थांबायची गरज नाही. प्रशिक्षकांनी, क्रीडाशिक्षकांनी आणि आईबापांनी एवढं केलं तरी पुष्कळ आहे. पोरगं संघात आहे की नाही हे त्याला आदल्या दिवशी स्पष्ट सांगा, बसमध्ये चढेपर्यंत टांगून ठेवू नका. बाहेरगावच्या स्पर्धेत रात्री घरी फोन करू द्या. ज्याच्याशी त्याचं जमतं अशा एखाद्या मित्राला त्याच्या खोलीत ठेवा. हरल्यावर चारचौघांत झापू नका. त्याने विश्वासाने सांगितलेलं गावभर करू नका. एक स्पर्धा सोडली म्हणून नाव कायमचं कापू नका. आणि झोप, जेवण बिघडून काही आठवडे उलटले असतील तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टरकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर मैदानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून टाका. चुना आणि निळीचा खर्च, बाकी काही नाही.

आणि जाता जाता एक. २०२१ मध्ये इंग्लंडने आपल्या फलंदाजांना शिकवायला ट्रेस्कोथिकलाच परत बोलावलं. २०२४ मध्ये एकदिवसीय आणि टी-२० संघाचा हंगामी मुख्य प्रशिक्षकही तोच होता. परदेशी राहायच्या भीतीने खेळ सोडलेला माणूस त्या वर्षी संघ घेऊन वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला.

आपल्या तालुक्यातून असा कुणी मैदान सोडून गेला असेल, तर त्याला एकदा भेटून या.